दुपारी मान टाकणारा संगणक

अकोल्यात एप्रिल-मे म्हणजे लग्नपत्रिकांचा हंगाम. ओळखीतल्या एका ताईंचे घराच्या पुढच्या खोलीत डीटीपीचे छोटे दुकान आहे. एक संगणक, एक प्रिंटर आणि समोर बाकावर बसून ‘आमचं तेवढं आजच करून द्या’ म्हणणारी माणसे. वर्षभराची निम्मी कमाई या दोन महिन्यांतली. आणि नेमका याच दिवसांत संगणक दगा देऊ लागला. ‘‘सकायी बराबर चालते भाऊ, बारा वाजले का मान टाकते,’’ असे त्या फोनवर सांगत होत्या. दुपारी पत्रिकेची फाइल उघडायलाच पाच-पाच मिनिटे लागत. दोनदा तर पीडीएफ तयार होत असतानाच पडदा काळा झाला.

दुरुस्ती करणाऱ्याने आधी एसएमपीएस बदलला. फरक पडला नाही. मग ‘मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या’ असा निकाल दिला. म्हणजे ३५-४० हजारांचा खर्च, तोही ऐन हंगामात. ताईंनी सोसायटीकडे कर्जाची चौकशीही करून ठेवली होती.

प्रत्यक्षात मदरबोर्ड धडधाकट होता. बिघाड होता तो प्लॅस्टिकच्या एका पिनेत. तिथवर कसे पोहोचलो, ते सांगण्यासारखे आहे, कारण हीच तपासणी कोणत्याही घरात किंवा दुकानात करता येते.

डब्यातली इस्त्री

आधी एक गोंधळ दूर करू. टेबलाखालच्या अख्ख्या डब्यालाच आपण ‘सीपीयू’ म्हणतो. पण तो डबा म्हणजे कॅबिनेट. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, त्याच्या आत मदरबोर्डवर बसवलेला असतो आणि त्यातली सिलिकॉनची चकती जेमतेम नखाएवढी असते.

या नखाएवढ्या चकतीत अब्जावधी ट्रान्झिस्टर दर सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करतात. त्यासाठी लागणारी वीज शेवटी जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णतेत बदलते. प्रोसेसरने ६५ वॅट वीज घेतली, तर ६५ वॅट उष्णता बाहेर पडते. आकडा मोठा वाटत नाही. पण १००० वॅटच्या इस्त्रीच्या तळाशी तुलना करून पाहा. इस्त्रीच्या तळाच्या दर चौरस सेंटीमीटरमधून साधारण पाच ते सात वॅट उष्णता निघते. प्रोसेसरच्या चकतीचे क्षेत्रफळ दोन चौरस सेंटीमीटर धरले, तर तेवढ्याच जागेतून ३० वॅटच्या वर. म्हणजे इस्त्रीच्या निदान चौपट. ताकदीचे प्रोसेसर पूर्ण जोरात चालताना २०० वॅटच्याही पुढे जातात.

ही उष्णता सतत वाहून न्यावी लागते. चकतीतून ती वरच्या धातूच्या झाकणात येते, तिथून थर्मल पेस्टमधून हीटसिंकमध्ये, हीटसिंकच्या पात्यांवरून पंख्याच्या हवेत, कॅबिनेटच्या हवेतून खोलीत आणि खोलीतून बाहेर. ही बादल्यांची रांग आहे. एकाने जरी हात आखडला, तरी पाणी मागे तुंबते. म्हणून ‘प्रोसेसर तापतो’ हा आजार नाही, ते लक्षण आहे. ताप आला म्हणून डोकेच बदला, असे कोणता डॉक्टर सांगत नाही. तो आधी ताप कशाने आला हे शोधतो.

प्रोसेसरची स्वतःची अक्कल

२००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या संगणकविषयक संकेतस्थळाने एक चित्रफीत दाखवली होती. संगणकावर खेळ सुरू असतानाच प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून टाकला. एएमडीचा अॅथलॉन काही क्षणांत धूर सोडून कायमचा गेला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र नुसता मंदावला आणि हीटसिंक परत ठेवल्यावर पूर्ववत झाला. तापमान वाढले की आपली गती आपणच कमी करण्याची सोय त्याच्यात होती. आज ही सोय सगळ्याच प्रोसेसरमध्ये असते.

बहुतेक प्रोसेसरची सहनशक्तीची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मर्यादेजवळ पोहोचला की प्रोसेसर गती आणि व्होल्टेज कमी करतो. वीज कमी घेतली की उष्णता कमी. तरीही तापमान चढतच राहिले, तर संगणक थेट बंद होतो. ताईंच्या संगणकाचे दुपारचे मंदावणे आणि मधूनच विझणे म्हणजे हीच दोन पायऱ्यांची सुरक्षाव्यवस्था होती. यंत्र बिघडले म्हणून तो बंद पडत नव्हता, बिघडू नये म्हणून पडत होता.

म्हणजे दुर्लक्ष केले तरी चालेल, असे मात्र नाही. सतत मर्यादेजवळ राहणाऱ्या प्रोसेसरभोवतीचे इतर भागही शिजत असतात. मदरबोर्डवरच्या आणि एसएमपीएसमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांनी साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. शिवाय काम चालू असताना वीज गेल्यासारखा संगणक बंद झाला की अर्धवट लिहिलेली फाइल खराब होते, ते नुकसान वेगळेच.

पहिला प्रश्न : खरोखर तापतोय का?

अंदाज नको, आकडा हवा. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प ही विनामूल्य सॉफ्टवेअर प्रोसेसरचे तापमान दाखवतात. संगणक सुरू होतानाच डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये गेल्यास तिथेही तापमान दिसते, पण कामाचा भार असताना काय होते, ते तिथे कळत नाही.

डेस्कटॉपच्या बाबतीत ढोबळ हिशेब असा. काही काम नसताना ३५ ते ५० अंश, कामाच्या वेळी ६० ते ८० अंश असेल तर काळजी नाही. ८५-९० च्या वर वारंवार जात असेल तर लक्ष द्यावे. ९५-१०० ला चिकटून बसला असेल तर उपाय हवाच. काही नव्या, ताकदीच्या प्रोसेसरची रचनाच भारी कामात ९५ अंशांपर्यंत जाण्याची असते. त्यामुळे आपल्या प्रोसेसरची मर्यादा किती, हे कंपनीच्या माहितीपत्रकात एकदा पाहून ठेवावे.

आणि संगणक बंद पडला तेव्हा तापमान ६०-६५ च असेल, तर प्रोसेसरला दोष देऊ नका. एसएमपीएस, रॅम किंवा घरातल्या विजेचा चढउतार तपासा. ताईंच्या संगणकाचा आकडा काम नसतानाही ६८ होता आणि पीडीएफ करायला घेतली की ९९. म्हणजे संशय खरा होता.

दुसरा प्रश्न : खोलीपेक्षा किती जास्त?

हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि बरेचसे कोडे इथेच सुटते. पंखा आणि हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत. तेवढाच भार असेल, तर प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा साधारण ठरावीक अंशांनीच गरम राहतो. खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ६५ ला जात असेल, तर खोली ४० अंशांवर गेल्यावर तो ८० च्या आसपास जाणार. दोन्ही वेळा फरक ४० अंशांचाच. म्हणून नुसता आकडा पाहू नका, त्यातून खोलीचे तापमान वजा करा. भिंतीवरचा साधा तापमापक यासाठी पुरे.

ताईंच्या खोलीत त्या वेळी ३८ अंश तापमान होते. ९९ मधून ३८ गेले, उरले ६१. त्यांच्या साध्या, ६५ वॅटच्या प्रोसेसरला हा फरक फारच मोठा होता. म्हणजे दोष फक्त अकोल्याच्या उन्हाचा नव्हता. मग हिवाळ्यात का त्रास झाला नाही? हिशेब करा. डिसेंबरात खोली २४ अंशांवर, त्यात ६१ मिळवा. ८५ झाले. जास्तच, पण मर्यादेच्या आत, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. बिघाड आधीपासून होता, उन्हाने तो फक्त उघडा पाडला.

तिसरा प्रश्न : किती वेगाने चढतो?

भारी काम सुरू करा आणि घड्याळ पाहा. तापमान हळूहळू, दहा-वीस मिनिटांत वर सरकत असेल, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचते आहे, पण पुढे हवेबरोबर बाहेर पडत नाही. धूळ, बंद पंखा, कोंदट जागा यांपैकी काहीतरी असणार. उलट काम सुरू होताच दोन-चार सेकंदांत आकडा नव्वदीपार उडी मारत असेल, तर उष्णता हीटसिंकपर्यंतच पोहोचत नाही. पेस्ट सुकली आहे, किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही.

ताईंच्या संगणकाने तीन सेकंदांत उडी मारली. ‘‘दिवाळीच्या सफाईत आतला पंखा काढला होता का?’’ असे विचारले. ‘‘हो ना. धूळ लय साचली होती, म्हणून पोराने काढून पुसला, परत बसवला.’’

कॅबिनेट उघडले. पंखा छान फिरत होता, धूळही फारशी नव्हती. इंटेलच्या प्रोसेसरबरोबर येणारा साधा हीटसिंक चार कोपऱ्यांतल्या चार प्लॅस्टिकच्या पिनांनी मदरबोर्डवर बसतो. तीन पिना घट्ट होत्या, चौथी नुसती भोकात टेकवलेली होती. त्यामुळे हीटसिंक एका कोपऱ्यात केसभर उचललेला होता. जुनी पेस्टही न बदलता तशीच ठेवलेली, वाळून भेगाळलेली.

केसभर फट म्हणजे किती मोठी गोष्ट? स्थिर हवेपेक्षा तांबे सुमारे पंधरा हजार पट चांगली उष्णता वाहून नेते. म्हणजे उष्णतेच्या दृष्टीने हवेचा पातळसा थरही भिंतीसारखाच. थर्मल पेस्टचे काम एवढेच की दोन धातूंमधल्या बारीक खाचांतली हवा हटवून ती जागा भरायची. पेस्ट धातूच्या मानाने फार मागे असली, तरी हवेच्या शे-दोनशे पट बरी.

उपाय : आधी फुकटचे, मग स्वस्तातले

तपासणीचा क्रम खर्चाच्या चढत्या क्रमाने ठेवावा.

सुरुवात सॉफ्टवेअरपासून. टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर कोण खातो आहे ते पाहा. आपण काही करत नसताना वापर सतत ७०-८० टक्के दिसत असेल, तर तापण्याचे कारण तिथेच आहे. अडकलेला एखादा प्रोग्रॅम, ब्राउझरच्या पन्नास उघड्या खिडक्या किंवा आपल्या नकळत आभासी चलन ‘खणणारे’ घुसखोर सॉफ्टवेअर, यांपैकी काहीही असू शकते.

मग जागा. ताईंचे कॅबिनेट संगणकाच्या टेबलाच्या दार असलेल्या खणात होते आणि मागची बाजू भिंतीला चिकटलेली होती. स्वतःचीच गरम हवा ते पुन्हा ओढत होते. कॅबिनेटच्या मागे आणि जिथून ते हवा घेते त्या बाजूला निदान वीतभर जागा मोकळी हवी. एक सोपी चाचणी : कॅबिनेटची बाजूची पाटी काढून तेच काम करून पाहा. तापमान पाच-दहा अंशांनी उतरले, तर आत हवा खेळत नाही, हे नक्की. पण पाटी कायमची काढून ठेवू नये. धूळ, पाली आणि लहान मुलांची बोटे, तिघांनाही ते आमंत्रण ठरते.

मग धूळ. संगणक बंद करा, वायर भिंतीतून काढा आणि कॅबिनेट अंगणात किंवा गच्चीवर न्या. नाकातोंडाला रुमाल किंवा मास्क बांधा. वर्षभराची ही बारीक धूळ दमेकऱ्यांना चांगलीच भोवते. मऊ ब्रश आणि ब्लोअर वापरा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने पंखा बेफाम फिरला तर त्याचे बेअरिंग जाऊ शकते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड मदरबोर्डला लावू नये, त्याने स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका असतो. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला एकदा स्पर्श करावा. किनारपट्टीवर दमट हवेमुळे धुळीचा नमदा होऊन तो हीटसिंकच्या पात्यांत घट्ट बसतो. तिथे पंखा वेगळा करून मागची पाती पाहिल्याशिवाय सफाई झाली असे समजू नका.

त्यानंतर पंखा. तो फिरतो का, अडखळतो का, घरघरतो का, हे पाहा. त्याची वायर मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच हवी. खराब पंखा काही शे रुपयांत बदलतो.

शेवटी पेस्ट. हीटसिंक काढला की पेस्ट बदलायचीच, जुनी परत चालत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापडाने दोन्ही पृष्ठभाग पुसून घ्या. मध्यभागी लहान वाटाण्याएवढा ठिपका पुरे, हीटसिंकच्या दाबाने तो पसरतो. जास्त पेस्ट म्हणजे जास्त गारवा, असे नाही. पिना कर्णरेषेत समोरासमोरच्या जोडीने दाबा. प्रत्येक पिनेचा ‘टक’ आवाज ऐका आणि चारही बसल्यावर हीटसिंक हलवून पाहा. तो हलता कामा नये. नवीन हीटसिंक असेल तर त्याच्या तळाचे प्लॅस्टिकचे आवरण आधी काढा. ते तसेच राहून जाणे ही नेहमीची चूक आहे. एएमडीच्या काही प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच खालून असतात. तिथे सुकलेल्या पेस्टमुळे हीटसिंकबरोबर प्रोसेसरही उपटून येऊ शकतो. म्हणून आधी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग संगणक बंद करून, वायर काढून हीटसिंक हलकेच दोन्ही बाजूंना फिरवत सोडवा.

टूथपेस्ट, खोबरेल तेल, कॅबिनेटवर बर्फाची पिशवी किंवा ओले फडके असले प्रयोग करू नयेत. टूथपेस्ट काही दिवसांत वाळते, आणि पाणी व वीज यांचे काय होते ते सांगायला नको. विदर्भात घरोघरी असलेला डेझर्ट कूलर खोली थंड करून संगणकाला मदतच करतो. मात्र त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको, त्यातल्या तुषारांबरोबर क्षारही आत जातात.

दुकान बंद ठेवता येत नसेल, तर एक तात्पुरता उपाय आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की बऱ्याच संगणकांत ‘टर्बो’ ही जादा गती बंद होते. काम थोडे सावकाश होते, पण तापमान बरेच उतरते. प्रोसेसरची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे शेवटची थोडी गती मिळवताना फार जास्त उष्णता मोजावी लागते.

एवढे करूनही आकडा उतरला नाही, तर बायोसकडे पाहावे. काही मदरबोर्ड प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त वीज मोकळी सोडतात. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरपैकी काही जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे समोर आले. कंपनीने त्यावर बायोसमार्फत सुधारणा दिली आणि अशा प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आपला प्रोसेसर त्या पिढीतला असेल, तर बायोस अद्ययावत आहे का, हे जाणकाराकडून जरूर तपासून घ्यावे.

दुरुस्तीला देताना

हे सगळे स्वतः करण्याची हौस किंवा हिंमत प्रत्येकालाच नसते, आणि वॉरंटीतला संगणक उघडूही नये. पण तीन आकडे कोणालाही लिहून ठेवता येतात : खोलीचे तापमान, काम नसतानाचे प्रोसेसरचे तापमान आणि काम असतानाचे. चौथी नोंद, तो किती वेळात तापतो. हा कागद घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलात, तर त्याचे काम सोपे होते आणि ‘मदरबोर्ड गेला’ म्हणण्यापूर्वी त्यालाही हीटसिंकला हात लावावा लागतो. त्याने काही बदलले, तर तेच काम पुन्हा करून तेच आकडे पुन्हा पाहा. उतरले नसतील, तर बदललेला भाग हे कारण नव्हते.

ताईंच्या संगणकाची चौथी पिन बसवली, नवी पेस्ट लावली आणि कॅबिनेट खणातून काढून टेबलाशेजारी लाकडी पाटावर ठेवले. खर्च आला पेस्टच्या ट्यूबचा, दोनशे रुपये. त्याच दुपारी, त्याच ३८ अंशांच्या खोलीत, तीच पीडीएफ करायला घेतली. आकडा ७४ वर थांबला. खोलीपेक्षा ३६ अंश जास्त. म्हणजे ४४ अंशांच्या दुपारीही तो ८० च्या आसपास राहील.

ताईंनी भिंतीवरच्या कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात ‘३८-७४’ असे लिहून ठेवले. पुढच्या मे महिन्यात ताडून पाहायला. मग त्या बाकावर बसलेल्या वरपित्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘‘बोला, मुहूर्त किती वाजताचा आहे?’’